बावीस पदव्या आणि तीन तुकड्यांचा भाला

फ्लिन कार्सनच्या नावावर बावीस पदव्या आहेत, तिशी उलटलेली आहे आणि मुक्काम आईच्या घरी आहे. आईला काळजी दोनच गोष्टींची, नोकरी आणि लग्न. मुलगा मात्र वर्गात पिरॅमिडची प्रतिकृती रचण्यात मग्न. बरोबरच्या पोरांना तो धारेवर धरतो आणि प्राध्यापकापेक्षा जास्त बोलतो. शेवटी प्राध्यापकच कंटाळतो. बाबा रे, तू पास झालास, आता बाहेर जा आणि जरा जग बघ, असं सांगून तो त्याला वर्गाबाहेर काढतो. नापास करून घालवणारे शिक्षक पुष्कळ असतात. पास करून हाकलणारा हा एकटाच.

ही गोष्ट डोंबिवलीत सहज घडू शकली असती. ती घडते न्यूयॉर्कात, आणि ५ डिसेंबर २००४ च्या रविवारी रात्री अमेरिकेतल्या टीएनटी या केबल वाहिनीवर ती पहिल्यांदा दिसली. नाव ‘द लायब्रेरियन : क्वेस्ट फॉर द स्पिअर’. खजिन्याच्या शोधाचा साहसपट, पण थिएटरसाठी नव्हे, घरच्या टीव्हीसाठी काढलेला. निर्माता डीन डेव्हलिन, म्हणजे १९९६ च्या ‘इंडिपेन्डन्स डे’मध्ये परग्रहवासीयांकडून व्हाइट हाउस उडवणाऱ्या जोडीतला एक. नायक नोआ वायली. तो तोवर दहा वर्षं ‘ईआर’ मालिकेत डॉ. कार्टर होऊन पेशंट तपासत होता. इतकी वर्षं स्टेथोस्कोप अडकवलेल्या गळ्यात एकदम प्राचीन भाल्याची जबाबदारी येऊन पडली.

खजिना शोधणारा माणूस कसा असावा, हे १९८१ मध्ये इंडियाना जोन्सने ठरवून टाकलं होतं. हॅट, चाबूक, दाढीचे खुंट आणि सापांची भीती. त्यानंतर आलेल्या प्रत्येक खजिनाशोधकाला त्याच्याशी ताडून बघितलं गेलं आणि बहुतेक सगळे कमी भरले. फ्लिन कार्सनची गंमत अशी, की तो ताडून बघण्याच्या लायकीचाच नाही. त्याला मारामारी येत नाही. संरक्षणासाठी त्याच्याबरोबर निकोल नावाची बाई दिलेली आहे (सोन्या वॉल्गर). ठोसे ती मारते आणि तळटीपा तो देतो.

पण सगळ्यात बहारदार भाग खजिन्याआधीचा, म्हणजे मुलाखतीचा. महाराष्ट्रात सेट, नेट, पीएच.डी. सगळं पदरात असून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कोणालाही तो प्रवेश पुन्हा लावून बघावासा वाटेल. मेट्रोपॉलिटन पब्लिक लायब्ररीत एका जागेसाठी उमेदवारांची भली मोठी रांग लागली आहे. मुलाखत घेणाऱ्या शार्लीनबाई (जेन कर्टिन) चेहऱ्यावरची माशी हलू न देता विचारतात, तुम्हालाच का घ्यावं? फ्लिन सांगतो, ड्यूई दशांश पद्धत येते, अमुक येतं, तमुक येतं. बाई म्हणतात, बाहेरच्या रांगेतल्या सगळ्यांना ते येतं, ग्रंथपालच आहेत ते. मग हा पठ्ठ्या शेरलॉक होम्सच्या थाटात बाईंचं नुकतंच होऊन गेलेलं आजारपण, मोडलेलं लग्न आणि घरातली मांजरं एका दमात सांगून टाकतो. नोकरी मिळते! आपल्याकडच्या निवड समितीपुढे हा प्रयोग कोणी करू नये. मांजरांपर्यंत पोचायच्या आत पुढच्या उमेदवाराला आत बोलावतील.

नोकरीवर रुजू झाल्यावर त्याला तळघर दाखवतात. तिथे राजा आर्थरची एक्सकॅलिबर तलवार आहे, पँडोराची पेटी आहे, सोन्याची अंडी देणारी हंसी आहे, बायबलातला कराराचा कोश आहे. मोनालिसासुद्धा आहे, आणि तीच खरी. पॅरिसच्या लूव्हरमध्ये लोक ज्या चित्रापुढे गर्दी करतात ती नक्कल. हा विनोद दिसतो त्याहून खोल आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या शेवटी तोच कराराचा कोश लाकडी खोक्यात ठोकून एका अवाढव्य सरकारी गोदामात ढकलून देतात आणि चित्रपट संपतो. पुढे त्या गोदामाचं काय झालं? तिथे नोंदवही कोण ठेवतं, धूळ कोण झटकतं, किल्ल्या कोणाकडे असतात? तेवीस वर्षांत कोणाला पडले नाहीत ते प्रश्न या चित्रपटाचे लेखक डेव्हिड टिचर यांना पडले. गोदाम आहे म्हटल्यावर जागा भरणं आलंच.

आणि जागा भरली की हिशेब आला. शार्लीनबाई या चित्रपटाचा खरा कणा आहेत. जग वाचवायला निघालेल्या माणसाला त्या खर्च जपून करा, पावत्या सांभाळा म्हणून बजावतात. इंडियाना जोन्सने आयुष्यात कधी प्रवासभत्त्याचं बिल भरल्याचं दिसलं नाही. विमानं, बोटी, उंट, सगळं कोणाच्या खात्यावर पडलं ते देव जाणे. इथे प्रेक्षकाला एकदम ओळखीचं वाटतं. शांग्रिलाला जाऊन आलात, छान. व्हाउचर कुठे आहे? यातला आणखी एक योगायोग असा, की या कार्यालयातला खरा हिशेबनीस भलताच होता. ग्रंथालयाचे प्रमुख जडसन यांची भूमिका करणारे बॉब न्यूहार्ट विनोदाच्या धंद्यात येण्यापूर्वी खरोखर अकाउंटंटची नोकरी करत. १९६० मध्ये त्यांच्या एकपात्री विनोदाची तबकडी निघाली, ती तुफान खपली आणि खतावण्या सुटल्या. चित्रपटात ते अत्यंत शांतपणे अत्यंत अशक्य गोष्टी सांगतात. उभ्या जन्मात त्यांनी केलेला विनोद याच एका युक्तीवर उभा होता.

कथानक थोडक्यात असं. येशूच्या कुशीत ज्या भाल्याने वार झाला तो भाला तीन तुकड्यांत विखुरलेला आहे. एक तुकडा लायब्ररीत होता, तो सर्प-बंधुसंघ नावाची टोळी पळवते. उरलेले दोन कुठे आहेत, हे पक्ष्यांच्या भाषेतल्या एका पुरातन पुस्तकात लिहिलंय. ती भाषा जगात कोणाला येत नाही. फ्लिन ती विमानात बसल्या बसल्या, एका प्रवासात शिकतो. तेवढ्या वेळात इतर प्रवाशांचं जेवण येतं, ट्रे जातात आणि एक डुलकी होते. मग ॲमेझॉनचं जंगल, विमानातून उडी, धबधबा आणि एक मंदिर. मंदिरात पावलापावलावर सापळे लावलेले आहेत. फ्लिनच्या लक्षात येतं, की सापळ्यांची एक ठरलेली लय आहे. मग नायक-नायिका एकमेकांच्या कमरेत हात घालून वॉल्ट्झ नाचत त्यातून पार होतात. चित्रपटातला हा सर्वांत मूर्ख आणि सर्वांत सुंदर प्रवेश आहे. तो बघताना ज्याला हसू आलं नाही, त्याने पुढचा चित्रपट बघण्यात अर्थ नाही.

ज्याला हसू आलं नाही, तो बहुधा भूगोलाचा शिक्षक असणार. कारण ते सापळे माया संस्कृतीचे आहेत आणि माया लोक राहत मेक्सिकोच्या युकातान भागात, ग्वाटेमालात, बेलीझमध्ये. ॲमेझॉन तिथून काही हजार किलोमीटर खाली, दुसऱ्या खंडात. पुढचा तुकडा हिमालयात शांग्रिलामध्ये सापडतो. ते ठिकाण जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराने १९३३ मध्ये आपल्या टेबलावर बसून निर्माण केलं. त्याआधी ते कोणाच्याही नकाशावर नव्हतं. म्हणजे एक जागा चुकीच्या खंडात आणि दुसरी कुठल्याच खंडात नाही. भरीला संगणकावर रंगवलेली दृश्यं. त्यांतला डोंगर डोंगरासारखा कमी आणि पडद्यासारखा जास्त दिसतो.

प्रेक्षकांनी हे सगळं पाहिलं, ओळखलं आणि पोटात घातलं. हे कसं झालं, ते समजून घेण्याजोगं आहे. या चित्रपटाच्या सोळा दिवस आधी, १९ नोव्हेंबर २००४ ला, निकोलस केजचा ‘नॅशनल ट्रेझर’ थिएटरांत लागला होता. शंभर दशलक्ष डॉलरच्या घरातला खर्च, डिस्नेचं पाठबळ, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पाठीवरचा नकाशा. तिकीट काढून, गाडी लावायला जागा शोधून, पॉपकॉर्नला सोन्याचा भाव देऊन बसलेला प्रेक्षक अंगावरच्या ओरखड्याचाही हिशेब मागतो. तोच माणूस घरी सोफ्यावर पाय वर करून बसला, की राजासारखा उदार होतो. चकटफू आहे, चालू द्या! दर थोड्या वेळाने जाहिराती येतात. म्हणून टीव्हीपटाचे लेखक नायकाला दर थोड्या वेळाने कड्यावर लोंबकळत ठेवतात, आणि प्रेक्षक त्याला तसाच लोंबकळत ठेवून चहा टाकायला जातो. परत येतो तर नायक वाचलेला असतो. कसा वाचला, हे विचारण्याइतकी त्याची तक्रार नसते. समीक्षकांनी ‘गरिबांचा इंडियाना जोन्स’ अशा अर्थाचं पुष्कळ लिहिलं असेल-नसेल. प्रेक्षकांना तो गरीब आहे हे आधीच दिसत होतं, आणि त्या गरिबीमुळेच तो घरातला वाटत होता.

अपवाद फक्त चित्रपटातला खोटा भालाही मनापासून तपासणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी खरी हकीकत जास्त विनोदी आहे. ‘पवित्र भाला’ म्हणून जपलेली वस्तू व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात काचेमागे आहे, तिकीट काढून कोणालाही बघता येते. १९३८ मध्ये हिटलरने ती न्यूरेंबर्गला नेली, १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने शोधून काढली आणि ती पुन्हा व्हिएन्नाला गेली. २००३ मध्ये एका इंग्रज धातुतज्ज्ञाने तपासून सांगितलं, की पातं सातव्या शतकाच्या आधीचं नसावं. दुसरा भाला व्हॅटिकनमध्ये आहे. तो १४९२ मध्ये तुर्की सुलतान दुसऱ्या बायझीदने पोपला नजराणा म्हणून पाठवला. तिसरा आर्मेनियात एचमियाझिनला. जगात तीन ठिकाणी तीन भाले बसलेले असताना चित्रपटवाल्यांनी एकाच भाल्याचे तीन तुकडे केले. याला काटकसर म्हणावी की काय, ते शार्लीनबाईंना विचारायला हवं.

खलनायकाचं रहस्य सांगितलं तरी बिघडत नाही, वीस वर्षं होऊन गेली. टोळीचा म्होरक्या म्हणजे लायब्ररीतलाच आधीचा ग्रंथपाल, एडवर्ड वाइल्ड (काइल मॅकलॅकलन). तो मेल्याचं सोंग करून निघून गेला होता. चार्ज न देता गेलेला माणूस पुढे त्रास देतो, हे कुठल्याही कार्यालयातल्या हेडक्लार्कने पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं असतं.

या सगळ्यात एक प्रेक्षकवर्ग असा होता, की ज्याच्यासाठी ही चेष्टा नव्हती. खरेखुरे ग्रंथपाल. पडद्याने त्यांना आजवर काय काय दिलं होतं? फ्रँक काप्राच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये नायक जन्मलाच नसता तर काय झालं असतं, हे दाखवताना त्याच्या बायकोची केलेली भयंकर अवस्था कोणती? ती अविवाहित राहून चष्मा लावून लायब्रेरियन झालेली असते. बस, एवढंच, आणि पडद्यावर करुण संगीत. १९५७ च्या ‘डेस्क सेट’मध्ये कॅथरीन हेपबर्नने जरा लाज राखली, १९९९ च्या ‘द ममी’मध्ये दारू प्यालेल्या ईव्हलिनने आपण लायब्रेरियन असल्याचं छाती पुढे काढून सांगितलं, पण त्याआधी तिने एकामागोमाग एक मांडण्या पाडून अख्खी लायब्ररी आडवी केली होती. २००३ मध्ये तर सिएटलच्या नॅन्सी पर्ल या नामांकित ग्रंथपालबाईंची खेळण्यातली बाहुली बाजारात आली. पाठीवरचं बटण दाबलं की ती तोंडावर बोट ठेवून गप्प बसायला सांगायची. त्यावर व्यवसायातल्या कित्येकांनी नाक मुरडलं, पर्लबाई स्वतः मात्र हसल्या. अशा पार्श्वभूमीवर पुढच्याच वर्षी कोणीतरी सांगतंय, की जगाचा तारणहार लायब्रेरियन आहे आणि त्याचं शस्त्र त्याचं वाचन आहे. मायांना ॲमेझॉनमध्ये हलवल्याचा गुन्हा एवढ्यावर माफ व्हायला हरकत नव्हती.

ग्रंथालयाच्या पोटात खजिना असणं ही कल्पना मराठी वाचकाला तितकी अद्भुत वाटू नये. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, की या संस्थेकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची प्राचीन हस्तलिखित प्रत आहे? मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नकार दिला, ही कथा मुंबईत कैक वर्षं सांगितली जाते. आणि नालासोपाऱ्याचं उत्खनन तर कुठल्याही साहसपटाच्या तोंडात मारील. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या स्तूपाचं टेकाड खोदवलं. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती बुद्धाच्या आठ ब्राँझमूर्ती बसलेल्या. तांब्याच्या पोटात चांदीचा करंडक, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या आत भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या खापरांचे तुकडे. एवढी सोन्यारुप्याची वेष्टणं काढत जायचं आणि शेवटी खापर! टीव्हीच्या लेखकाने असा शेवट लिहिला असता, तर वाहिनीने परत पाठवला असता. वेष्टणं आणि खापरं दोन्ही एशियाटिकच्या संग्रहात गेली. मध्ये ना सर्पसंघ आला, ना कोणाला वॉल्ट्झ करावा लागला.

ज्यांना तरीही फ्लिनचा धंदा करावासा वाटतो, त्यांनी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ वाचून ठेवावा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. दहा रुपये. १८७८ पासून पुरलेल्या वस्तूंचे भाव कुठल्या कुठे गेले, मर्यादा कायद्यात आहे तिथेच बसली आहे. कळवलं नाही तर कैदेची तरतूद आहे. शार्लीनबाई पावती मागत होत्या तर लोक हसले. आपल्याकडे ते काम कलेक्टर कचेरीत जाऊन करावं लागतं.

अमेरिकन प्रेक्षकांनी या चित्रपटाला दिलेली खरी पावती म्हणजे पुढचे भाग. २००६ मध्ये ‘रिटर्न टू किंग सॉलोमन्स माइन्स’ आला. दिग्दर्शक ‘स्टार ट्रेक’मधले कमांडर रायकर, म्हणजे जोनाथन फ्रेक्स. त्यात जनरल समीर झालेला एरिक अवारी हा दार्जिलिंगचा पारशी. ‘द ममी’मध्ये कैरोच्या संग्रहालयाचा प्रमुखही तोच होता, तेव्हा मौल्यवान वस्तूंच्या खात्यातला अनुभव दांडगा. २००८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये घडणारा, व्हॅम्पायरांचा तिसरा भाग. त्यात फ्लिन थकतो, वैतागतो, सुट्टीवर जातो. दर भागात नायिका नवी: आधी सोन्या वॉल्गर, मग गॅब्रिएल अन्वार, मग स्टाना कॅटिक. आईने ठरवलेली स्थळं एकदाही जमली नाहीत. तिन्हींत तिसरा सर्वांत नीटनेटका आहे आणि पहिला सर्वांत लाडका. दुसऱ्याबद्दल कोणी फारसं भांडत नाही.

मग २०१४ मध्ये मालिका सुरू झाली, ‘द लायब्रेरियन्स’, अनेकवचनी. जग फार बिघडलं असावं, कारण एक ग्रंथपाल पुरेनासा झाला. चार हंगाम चालली, २०१८ मध्ये बंद पडली. सगळं संपलं असं वाटत असताना ‘द नेक्स्ट चॅप्टर’ नावाची नवी मालिका तयार झाली. ज्या वाहिनीसाठी ती बनली तिने ऐन वेळी सोडली आणि मे २०२५ मध्ये ती पुन्हा जुन्या घरी, टीएनटीवर, दाखल झाली. नोआ वायली मधल्या काळात डॉक्टरकीकडे परतला. ‘ईआर’साठी पाच वेळा नामांकन होऊनही हुकलेलं एमी त्याला सप्टेंबर २०२५ मध्ये ‘द पिट’मधल्या डॉक्टरसाठी मिळालं. बावीस पदव्यांच्या ग्रंथपालाला एमीच्या समितीने कधी आत बोलावलंच नाही.

नव्या मालिकेतल्या ग्रंथपालाचं नाव विक्रम चेंबरलेन. तो १८४७ सालातून थेट आजच्या बेलग्रेडमध्ये येऊन पडतो आणि त्याचा स्वतःचा वाडा आता संग्रहालय झालेला त्याला दिसतो. तो पुण्यात पडला असता तर फार अडचण झाली नसती. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये सुरू झालं आणि अजून चालू आहे. विक्रमरावांना फक्त वर्गणी भरून कार्ड करून घ्यावं लागलं असतं.